जागच्या जागी

आईने आजवर स्वतःसाठी काय काय मागितलं ते मोजायला बसलं, तर एका हाताची बोटंसुद्धा पुरून उरली असती. सुईत दोरा जाईना तेव्हा चष्मा मागितला. कंबर धरायला लागली तेव्हा पाठ टेकायची खुर्ची मागितली. म्हणजे तेही खरं तर दुकानासाठीच. आणि मग, शाळांच्या गणवेशांचा सीझन दाराशी येऊन ठेपलेला असताना, तिने होडी मागितली.

होडी विकत नव्हे. शहराच्या टोकाला तलाव होता आणि तिथे पायाने चालवायच्या होड्या अर्ध्या अर्ध्या तासासाठी मिळत. नात शाळेच्या सहलीला जाऊन आली ती थेट दुकानात, आजीच्या खुर्चीपुढे. नातीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. चिंध्यांच्या ढिगात खेळत वाढली म्हणून सगळे तिला ठकी म्हणायचे.

"बदकासारखी होडी आहे, आजी. पुढे दोन जण बसतात, मागे दोन. आणि वल्हं नाहीच."

"मग चालते कशी?"

"पाय मारायचे. तुझ्या जुन्या मशीनसारखे."

आईने हातातलं काज अर्ध्यावर ठेवलं. "पाय मारले की पुढे जाते?"

"मग काय मागे जाईल?"

आई एवढी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बघ बाई. मी चाळीस वर्षं पाय मारले, आमचं मशीन तसूभर हललं नाही."

मशीन कोपऱ्यातच होतं. लेकीने दुकान हातात घेतलं तेव्हा मोटारीची मशीनं आणली आणि आईचं पायमशीन भिंतीला लावून त्यावर दोऱ्यांच्या रिळांचे डबे रचले. तेव्हापासून आई काजं-बटणं करायची, हातशिलाई करायची, आणि गिऱ्हाइकांशी बोलायची. गिऱ्हाइकं तिला मोठ्या बाई म्हणत आणि लेकीला धाकट्या बाई. बोलायला मोठ्या बाई, शिवायला धाकट्या बाई, अशी वाटणी आपोआप पडली होती. कुणी म्हणालं, "शिवणीत माया भरपूर ठेवा हं, पोर वाढतंय," तर आई म्हणायची, "माया आम्ही ठेवतोच. आतल्या बाजूला असते म्हणून दिसत नाही, एवढंच." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. माणूस अंगाने भरला की ती सोडून कपडा मोठा करता येतो. कंजूष शिंपी बोटभर सोडतो. ह्या दुकानात दोन बोटं सोडायची रीत होती, आईने घालून दिलेली.

त्या दिवशी ठकीने वहीचं मागचं पान काढून गणित मांडलं. एका झग्याला आजी किती वेळा पाय मारत असेल, दिवसाला किती झगे, वर्षाचे दिवस किती. तिसरीतली पोर, हातचे विसरत विसरत तिने उत्तर काढलं आणि जाहीर केलं की आजी आतापर्यंत समुद्र ओलांडून पलीकडच्या देशात पोचली असती.

"जागच्या जागी बसून पोचले असते," आई म्हणाली. मग पडद्याकडे वळून, एरवी दोरा मागावा इतक्या साध्या आवाजात, "अगं, मला एकदा ने त्या होडीत. पाय मारून पुढे गेल्यावर कसं वाटतं ते बघायचंय."

पडद्याआड लेक कुणाच्या तरी खांद्याचं माप घेत होती. तोंडात टाचण्या होत्या. तिने टाचण्यांमधूनच उत्तर दिलं, "नेते ना. एवढा सीझन संपला की."

हे उत्तर खोटं नव्हतं. तिच्या मनात न्यायचं होतंच. पण सीझन ही चीज अशी की एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. गणवेश संपले तशी लग्नसराई आली. लग्नसराईत माणसं वेडी होतात; नवरीच्या मावशीलाही नवरीसारखं दिसायचं असतं. ती ओसरली तशी थंडीचे कोट आले, जाड कापड, जाड अस्तर, रोज दोन सुया मोडायच्या. नवरा मालट्रकवर होता, चार दिवस रस्त्यावर आणि दोन दिवस घरी झोपलेला. ठकीचा डबा, ठकीचा अभ्यास, ठकीची सर्दी. होडीचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

आईने पुन्हा विचारलं नाही. फक्त एक दिवस तिने आपल्या पेटीतून एक कापड काढून आणलं. आभाळी निळं, त्यावर पांढरे ठिपके. आठ वर्षांपूर्वी कुठल्याशा दुकानाच्या सेलमध्ये तिने हट्टाने घेतलं होतं आणि निवांत शिवू म्हणून ठेवलं होतं.

"ह्याचा मला झगा शिव."

"आत्ता?"

"आत्ताच असं नाही. होडीत बसायला काहीतरी धड अंगावर हवं ना."

लेकीने कापड घेऊन घरच्या कामाच्या ढिगावर ठेवलं. तो ढीग शेवटच्या फळीवर असायचा. नवऱ्याच्या पँटची चेन, ठकीच्या दप्तराचा पट्टा, उशीचे अभ्रे. परक्यांना तारखा दिलेल्या असत. घरच्यांना तारीख नसे, त्यामुळे घरच्यांची वेळ कधी चुकतही नसे आणि कधी येतही नसे.

आई अलीकडे कमी जेवायची. दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि म्हणायची, "वय झालं की पोट लहान होतं." हे वाक्य इतकं शहाणपणाचं होतं की त्यावर कुणी काही बोलण्यासारखं नव्हतं. दुपारी ती खुर्चीतच डुलक्या काढायची. सुई हातात तशीच. ठकी येऊन हळूच सुई काढून घ्यायची आणि सुया टोचायच्या गादीत खुपसून ठेवायची.

शेवटी कोटांचा जोर उतरला आणि एका मंगळवारी दुपारी अचानक दोन तास रिकामे मिळाले. एका बाईने तारीख पुढे ढकलली होती. लेकीला स्वतःचंच कौतुक वाटलं. मनात म्हणाली, आज आईचा झगा करूनच टाकते. मापांची वही काढली. आईचं पान पहिल्या वहीत होतं, सगळ्यांच्या आधीचं. छाती बेचाळीस, कंबर अडतीस, खांदा साडेपंधरा. आई समोरच खुर्चीत डोळे मिटून बसली होती. उठवून माप घ्यायला पाच मिनिटं लागली असती. पण आपल्या आईचं माप आपल्याला ठाऊक नसेल तर कुणाला असणार, असं म्हणून तिने खडू उचलला. झरझर कापलं, झरझर टिपा मारल्या, आत चांगली दोन बोटं माया सोडली.

"आई, ऊठ. घालून बघ."

आईने डोळे उघडले आणि झगा बघितला. तिचा चेहरा आधी उजळला, आणि मग त्यावर काहीतरी दुसरं आलं. "राहू दे गं. संध्याकाळी घरी घालते."

"घरी कशाला? पडदा इथेच आहे. गळा बघून घेते."

आई पडद्याआड गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. समोर काउंटरशी एक शिक्षिका आपल्या कोटाची वाट बघत उभी होती. लेकीने पडदा जरासा सारून आत डोकं घातलं, आणि तिला हसूच आलं. झगा आईच्या खांद्यांवरून ओघळला होता. आईने तो पुढून मुठीत गोळा करून धरला होता, अंघोळीहून आलेल्या मुलाने पंचा धरावा तसा.

"अगं, हे कुणाच्या मापाचं शिवलं मी?" ती हसत म्हणाली. "पान चुकलं वाटतं."

ती बाहेर गेली, वही उघडली. पान चुकलेलं नव्हतं. वर आईचं नाव होतं, खाली स्वतःच्याच अक्षरात बेचाळीस.

मग तिने गळ्यातली टेप काढली. दिवसातून वीस जणांच्या अंगाभोवती ती टेप फिरायची. परक्या बायकांची पोटं, परक्या पुरुषांच्या माना, कुणाचा एक खांदा उतरता, कुणाचं एक पाऊल आखूड, सगळं तिला तोंडपाठ होतं. आईभोवती टेप धरायला तिने हात मागे नेले तेव्हा ते फार लवकर एकमेकांना भेटले. तिने आकडा बघितला. टेप सैल करून पुन्हा धरली.

चौतीस.

"टेप ताणलीस तू," आई म्हणाली.

आईचा नेहमीचा करडा झगा खुंटीवर उलटा टांगलेला होता, आतली बाजू बाहेर. तिने तो हातात घेतला. रोज आईच्या अंगावर बघितलेला झगा, नीट मापात बसणारा, कधी ढगळ दिसला नव्हता की कधी शंका आली नव्हती. आता तो का ढगळ दिसला नव्हता ते कळलं. बाजूच्या शिवणी आईने आत घेतल्या होत्या. हाताने, मशीनलाही लाजवील अशा बारीक टाक्यांनी. एकदा नाही, तीनदा.

पहिली टीप गडद निळ्या दोऱ्याची होती. तो दोरा गणवेशांचा. तिच्या आत दुसरी, किरमिजी, लग्नसराईत एका नवरीच्या वऱ्हाडासाठी आणलेल्या रिळाची. आणि सगळ्यात आत तिसरी, राखाडी, कोटांच्या दोऱ्याची. हाताशी जो दोरा पडलेला होता तो आईने घेतला होता. पहिल्या टिपेचे टाके मोत्यांसारखे. तिसरीचे वाकडे, मध्येच थांबलेले, एका ठिकाणी दोरा संपून गाठ मारलेली.

आत माया तळहाताएवढी झाली होती.

"धाकट्या बाई, माझं होतंय ना?" बाहेरून शिक्षिकेने विचारलं. "मला शाळेची बस आहे."

"झालंच," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला. तिने बाहेर जाऊन कोट घडी घालून दिला, बाह्यांची लांबी बरोबर आहे ना विचारलं, दार लावून घेतलं आणि परत आली. आई ठिपक्यांच्या झग्यात तशीच उभी होती.

"कधीपासून?"

"गणवेशांच्या वेळेपासून असेल."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुझा सीझन होता," आई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तोच तर त्रास होता. टोमणा असता तर तिला भांडता आलं असतं.

डॉक्टरांकडे आधी तपासण्या झाल्या, मग तपासण्यांच्या तपासण्या. शेवटच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून आई समोरच्या नर्सकडे बघत होती. "हिची कॉलर कुणी लावलीय? एक टोक वर, एक टोक खाली. आपल्याकडे असती तर तू उसवायला लावली असतीस." ती हं म्हणाली. मग त्यांना आत बोलावलं.

डॉक्टर तरुण होता. बोलताना कागदावर बघत होता. रोग पोटातला होता आणि आता पोटापुरता राहिला नव्हता. काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने, असं तो म्हणाला. वजन कधीपासून उतरतंय असं विचारल्यावर तिच्या तोंडावर आलं होतं, निळ्या दोऱ्यापासून.

"इतकं उतरेपर्यंत घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"मी रोज बघते तिला," ती म्हणाली.

डॉक्टरने मान हलवली आणि पुढचं औषध लिहायला घेतलं. परत येताना रिक्षात आई बाहेर बघत बसली होती. मग म्हणाली, "त्याला वाटलं तू माझ्याबरोबर राहत नाहीस."

ठिपक्यांचा झगा तिने उसवला. पुन्हा माप घेतलं, सगळं, अगदी मनगटसुद्धा. आत घ्यायला एवढं होतं की तिने शिवणी काढून कापडच नव्याने कापलं. दोन बोटं माया सोडायची हाताला सवय होती. खडू तिथे जाऊन थांबला. मग तिने बोटभरसुद्धा न सोडता रेघ मारली. अशी रेघ तिने पूर्वी कधीच मारली नव्हती.

"गुरुवारी होडीला जायचं," तिने जाहीर केलं.

"गुरुवारी? शुक्रवारी त्या नवरीचा पोशाख द्यायचाय ना?" आई आता पलंगावर उशांना टेकून असायची. "होऊन जाऊ दे तिचं. मग बघू."

"मग नाही. गुरुवारीच. दुकान बंद."

आईने तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "बरं," ती म्हणाली.

गुरुवारी ठकीची शाळा बुडवली. ठकीला हा सगळा सोहळाच वाटत होता. ती आजीच्या केसांना तेल लावून दोन वेण्या घालायला निघाली होती, एकीवर तडजोड झाली. निळ्या झग्यात आई छान दिसत होती. झगा असा बसला होता की कुणाही शिंप्याने मान डोलवावी. ती गाडीतून उतरताना एका हाताने लेकीला धरत होती आणि दुसऱ्या हाताने पोट. तलावाशी कामाच्या दिवशी कुणी नव्हतं. धक्क्यावर तिकिटं फाडणारा एक माणूस टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता.

"आजी पुढे बसणार?" त्याने विचारलं. "मागे बसा, आरामात."

"पुढे," आई म्हणाली. "मला पाय मारायचेत."

दोघांनी धरून तिला होडीत बसवलं. होडी खरंच बदकासारखी होती, चोचीचा रंग उडालेला. आई डावीकडे, ती उजवीकडे, ठकी मागे. आईने आपले पाय उचलून एकेक करून पायट्यांवर ठेवले. ठेवले म्हणजे हाताने धरून ठेवले. आणि मग तिने जोर लावला.

होडी हलली. धक्का मागे सरकला, टोपीवाला मागे सरकला. आईच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला, हसल्यासारखा. तिने अजून एकदा जोर लावला, अजून एकदा. पाचव्या की सहाव्या वेळी तिच्या कपाळावर घाम आला आणि तिने ओठ आत घेतले.

दोन्ही बाजूंचे पायटे एकाच दांड्याला जोडलेले होते. एकाने मारले की दुसऱ्याचेही फिरत. त्यामुळे ती मारत राहिली आणि आईचे पाय फिरत राहिले.

"मजा येतेय ना, आई?"

"येतेय."

पाणी शांत होतं. दूर दुसऱ्या काठाला बांबूची बेटं होती, एक पांढरा पक्षी एका पायावर उभा होता. तिने पुन्हा विचारलं, मजा येतेय ना. आई पुन्हा येतेय म्हणाली. तिने फोन काढून आईचा एक फोटो घेतला, आई हसली, फोटोत झगा नीट येत नव्हता म्हणून दुसरा घेतला, आई पुन्हा तेवढीच हसली. पडद्यावर नवरीच्या आईचे तीन फोन येऊन गेलेले दिसत होते. तिने फोन उलटा करून मांडीखाली ठेवला.

"आता मजा येतेय की नाही?"

"तू विचारायची थांबलीस तर येईलही," आई म्हणाली.

मागून ठकी पुढे वाकून दोघींच्या पायांकडे बघत होती. "आजी, तू मारतच नाहीयेस. आईच मारतेय. तुझे नुसते फिरतायत."

"ठके, गप्प बस," ती म्हणाली.

"का गप्प बसेल? नजर पक्की आहे कारटीची," आई म्हणाली. "मापात फसणार नाही." तिने पाय पायट्यांवरून खाली घेतले, जड सामान उतरवावं तसे. पायटे आता रिकामेच फिरू लागले. "खरं सांगू तुला?"

"सांग."

"मला होडीत यायचं होतं ते गेल्या वर्षी. तेव्हा रोज रात्री पडल्या पडल्या यायचे मी इथे. ठकीने सांगितलेलं तळं, बदक, सगळं. पाय शिवशिवायचे. आता काही नाही होत. आता मला फक्त आडवं व्हायचंय."

"मग नाही म्हणायचंस. कशाला आलीस?"

"तुझ्यासाठी." आईने झग्याची एक चुणी बोटांनी सरळ केली. "मी गेल्यावर तुला म्हणता यावं, नेलं होतं बाई आईला. तुला तेवढं लागणार आहे. नाहीतर तू स्वतःला खात बसशील आणि पोरीकडे कोण बघेल?"

लेकीचे पाय थांबले. होडी आपल्या वेगाने थोडी पुढे सरकली आणि मग तिरकी होऊन उभी राहिली.

"रागावली होतीस माझ्यावर?"

"होते की." आई हे इतक्या सहज म्हणाली की आधी तिला नीट ऐकूच आलं नाही. "कोटवाले यायचे तेव्हा जास्त. तू त्यांच्या काखेत, गळ्यात, पोटाभोवती टेप घालायचीस, थोडं जाडे झालात हो म्हणायचीस. मला वाटायचं, ह्यांच्या मापाला वेळ आहे हिच्याकडे."

"बोलायचं होतंस मग, आई."

"बोलले होते. एकदा बोलले होते. मला दोनदा मागायची सवय नाही, आणि तुला एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही. कुणाला काय म्हणायचं त्यात."

तिला रडू आलं नाही. यायला हवं होतं असं तिला वाटलं. मागे ठकी आहे, आईला गार लागेल, परत जायला तेवढंच अंतर पाय मारायचे आहेत, असंच काहीबाही डोक्यात येत राहिलं. "मी चुकले," ती म्हणाली.

"चुकलीस," आई म्हणाली. "मीही लपवलं. दोघींनी मिळून शिवलंय हे. जाऊ दे. वळव आता."

"अर्धा तास आहे आपला. आत्ता तर दहा मिनिटं झाली."

"वळव गं."

तिने मधला दांडा फिरवला. बदकाची चोच हळूहळू धक्क्याकडे आली. येताना वाटलं होतं त्यापेक्षा धक्का लांब होता आणि आता वारा समोरून येत होता. ठकी म्हणाली, एवढ्यात परत?

"मला घरी सोड आणि तू दुकान उघड," आई म्हणाली.

"आज नाही उघडणार. आज दिवसभर मी तुझ्याजवळ बसणार आहे."

"बसून काय करशील? बघत बसशील. मला झोप लागणार नाही तू बघत बसलीस तर. त्या नवरीचा गळा राहिलाय ना? तिचं काय चुकलं? उघड जा. ठकी आहे माझ्याजवळ."

आणि त्या क्षणी, तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं. आधी गळा, तिने मनात म्हटलं, मग बाह्या, मणी लावायला तास-दीड तास, अस्तर जोडून संध्याकाळी सातपर्यंत इस्त्रीला. उद्याची तारीख चुकणार नाही. तिला बरं वाटलं. भर तलावात, आईच्या शेजारी बसून, तिला सरळ सरळ बरं वाटलं, उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखं हलकं.

ते फार वेळ टिकलं नाही, पण तेवढ्यात तिचा चेहरा बदलून गेला असणार. तिने घाईने मान वळवून बांबूंकडे बघितलं. पण आईने चाळीस वर्षं आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे वाचले होते. झगा आवडला की नाही हे गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत तिला कळायचं. ती लेकीकडे बघत होती. बघत होती, आणि मग तिने नजर पाण्याकडे वळवली, कुणाच्या घराच्या उघड्या दारातून चुकून आत डोकावल्यावर वळवतात तशी.

"आई," ती म्हणाली.

"जरा जोरात मार," आई म्हणाली. "मला गार वाजतंय."

ती जोरात पाय मारू लागली.